थोरल्यासमोर ओढायची नाही

आमच्या घरात थोरल्या माणसासमोर बिडी ओढत नाहीत. ओढतात सगळे, पण समोर नाही. माझे थोरले दीर, ज्यांना सगळं गाव दादा म्हणतं, ते ओसरीवर बसून दिवसभर ओढतात, कारण त्यांच्याहून थोरलं आता घरात कुणी उरलं नाही. धाकटा दीर कडब्याच्या गंजीमागं जाऊन ओढतो. दादांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, पुण्याला कंपनीत आहे. तो सिगारेट ओढतो आणि वरून मूठभर बडीशेप खातो, जसं काही आम्हाला नाकच नाही. माझे मालक मधले भाऊ. तीस वर्षं त्यांनी मळ्यात ओढली, बांधावर ओढली, पण दादांच्या डोळ्यांदेखत एकदासुद्धा काडी पेटवली नाही. आमच्याकडं ह्याला वळण म्हणतात.

मळ्यात पाण्याची पाळी असली की मालकांची चैन असायची. विहिरीवर मोटारीची खोली आहे. तिच्या कोनाड्यात दादांचं अर्धं बंडल आणि काडीपेटी हमखास पडलेली असायची. "दादाला लई इसर पडायलाय बघ," मालक मला हसून सांगायचे, "आज बी बंडल ठिवून आलंय." त्यातल्या चार-दोन हे उचलायचे. दादांनी कधी विचारलं नाही, ह्यांनी कधी सांगितलं नाही. मीही हसायचे.

मी अंगणवाडी सेविका आहे. चुलीचा धूर, बिडीचा धूर लेकराच्या छातीत कसा बसतो हे मी गावातल्या बायांना तक्ता लावून सांगते. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे गाव जाणून आहे. ग्रामसेवकाला मी भर सभेत खाली बसवलेलं आहे. पण लग्न होऊन आले त्या दिवसापासून थोरल्या दिरांशी मी एक शब्द थेट बोलले नव्हते. आमच्याकडं भावजय बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि सांगायचंच असलं काही तर मधे जाऊबाई. दादा समोर खाटेवर बसलेले असायचे आणि मी म्हणायचे, "अक्का, त्यांना म्हणावं, च्या झालाय." मग अक्का म्हणायची, "अवं, च्या झालाय." दादांनी माझं ऐकलेलं असायचं, तरी ते अक्कानं म्हटल्यावरच उठायचे. सव्वीस वर्षं आमचं असंच चाललं.

गेल्या थंडीत मालकांना बीडला दवाखान्यात न्यावं लागलं. श्वास आत जाईना, गेलेला बाहेर येईना. आठ दिवस नाकाला ऑक्सिजन. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि मला म्हणाले, "बाई, ह्यांच्या छातीत आता शिल्लक काही नाही. बिडी तर सोडाच, शेजारी बसून दुसऱ्यानं ओढली तरी चालणार नाही. असा झटका परत आला तर तुम्ही बीडपर्यंत पोचाल की नाही, मी सांगू शकत नाही."

त्याच दिवशी दादा भेटायला आले. खाटेशेजारी उभे राहिले, भावाच्या कपाळावर हात ठेवला आणि स्वतःच निदान करून मोकळे झाले. "कापसाची धूळ बाधली. दर वाढायची वाट बघत दोन महिने मधल्या खोलीत कापूस रचून ठिवलाय, दुसरं काय हुनार?" मालकांनी मान डोलावली. मी आ वासून बघत राहिले. दादा गेल्यावर विचारलं, "कावून न्हाई सांगितलं?" तर म्हणे, "काय सांगू? बिडी सुटली म्हनायचं तर आधी ओढीत व्हतो म्हनावं लागतंय." आणि माझा हात धरून गळ्याला लावला. "माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. दादाला कळू द्यायचं न्हाई."

दादा घरी गेले आणि सत्तरीच्या माणसानं मधल्या खोलीतला सगळा कापूस स्वतः उभं राहून मळ्यातल्या शेडात हलवला, शेवटची गाठोडी तर स्वतःच्या डोक्यावर नेली. भावाला धूळ लागू नये म्हणून. मग दमून ओसरीवर बसले आणि बिडी पेटवली. अक्कानं मला हे कौतुकानं सांगितलं, आणि मला हसावं का रडावं तेच कळेना.

घरात मी कसंबसं निभावत होते. घर मोकळं, वारं खेळतं. दादा ओसरीवर बसले की मी ह्यांना परसात काही ना काही काम काढायचे. पण मे महिन्यात पुतण्या सुट्टीवर आला आणि म्हणाला, दादा जन्मात कुठं फिरायला गेले नाहीत, माजलगावच्या धरणाकडं एक रिसॉर्ट झालाय, दोन दिवस सगळेच जाऊ. एसी खोल्या आहेत. एसी म्हणजे दारं-खिडक्या बंद.

"आपन न्हाई जायचं," मी मालकांना म्हणाले.

"दादा स्वतः म्हनलेत चल म्हनून. मी न्हाई कसं म्हनू?"

मी पुतण्याला आडवळणानं विचारलं. तो म्हणाला, "काकू, फॅमिली रूम आहेत." मी धरून चालले की आम्ही दोघं एका खोलीत राहू आणि दादांचा धूर दादांपाशी. शहाणी म्हणवते ना मी! आमच्या घरात फॅमिली म्हणजे काय, हेच मी विसरले.

दिंद्रुडवरून जीप निघाली ती दहाच्या सुमाराला तिथं पोचलो. पाणी आटत आलेलं, काठाला भेगा. दोन मोठ्या खोल्या, प्रत्येकीत पाच-सहा पलंग. अक्का जीपमधून उतरली, कमरेवर हात ठेवला आणि एका वाक्यात आमची फॅमिली उभी चिरली, "गडीमानसं हिकडं, बाया तिकडं." झालं. मालकांची पिशवी दादांच्या पिशवीशेजारी गेली. मी तोंड उघडलं तशी अक्का म्हणाली, "दोन दिस नवऱ्याबिगर करमना व्हय गं?" धाकट्या जावेनं पदरात तोंड खुपसलं. मी लाजले नाही, मला घाम फुटला.

पुरुषांच्या खोलीत भिंतीला एक चित्र चिकटवलेलं होतं. पेटलेली सिगारेट आणि तिच्यावर लाल रेघ. पुतण्यानं धीर करून बापाला ते दाखवलं. दादांनी चष्मा लावून नीट निरखलं. "ही शिगरेट हाय. आपली बिडी हाय." आणि पलंगावर मांडी घालून काडी ओढली.

जेवणं झाल्यावर मेंढीकोटाचा डाव बसला. तिघं भाऊ आणि पुतण्या, दोन-दोनच्या जोड्या, आणि दादांचा जोडीदार नेहमी माझा नवराच. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दार लावलेलं, काचा पक्क्या बसवलेल्या, एसीची घरघर. मी बाहेरच्या ओट्यावर मटकीला मोड आलेत का बघायच्या निमित्तानं बसले होते. आता तिथं मटकी कुठून आली? अक्कानं घरून भिजवून आणली होती, परक्याच्या हातचं तिला दोन वेळा चालत नाही. तर मी बसून बघत होते. थोड्या वेळानं धाकटा दीर बाहेर आला. "फोन आलाय," म्हणाला आणि जीपमागं गेला. जीपमागनं धूर. तो आत गेला तर पुतण्या बाहेर. त्यालाही फोन. म्हणजे ज्यांना ओढायची होती ते मोकळ्या हवेत, आणि ज्याला वाससुद्धा चालत नव्हता तो आत, बंद खोलीत, दादांच्या समोरासमोर. ह्याला म्हणायचं वळण.

मी पुतण्याला म्हणाले, "काकाला बाहेर धाड. म्हनावं, काकूचं काम हाय." मालक आले. दाराआड होऊन दवाखान्यातनं दिलेला श्वासाचा पंप काढला, दोनदा ओढला. ओठ कोरडे पडलेले, श्वासाला बारीक शिट्टी लागलेली. ही शिट्टी मी ओळखते. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी हीच होती.

"आता आत जायचं न्हाई," मी म्हणाले.

"डाव अर्धा हाय. दादा एकटं पडत्याल."

"दादा एकटं पडत्याल! आन मी पडले तर?"

"शपथ हाय तुला," म्हणाले आणि दार उघडून आत गेले. उघडल्या दारातून निळसर धूर बाहेर आला, माझ्या डोळ्यांत गेला. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मटकीची चाळणी मी ओट्यावर आपटली.

मग मी रिसॉर्टच्या मॅनेजरला गाठलं. केजकडचा माणूस, बोलायला गोड. म्हटलं, तुमच्या भिंतीवर चित्र आहे, तुमचा नियम आहे, तुम्ही जाऊन सांगा, माझं नाव घेऊ नका. "आत्ता सांगतो ताई," म्हणत तो तरातरा गेला. मी उभीच. दार उघडलं, आतनं दादांचा आवाज आला, "कोन गाव तुमचं? पाटलाचे का कोन तुमी?" मग हसणं. दादा पंधरा वर्षं सरपंच होते, तालुक्यात त्यांना ओळखत नाही असा माणूस दुर्मिळ. मॅनेजर बाहेर आला, माझ्याकडं न बघता स्वयंपाकघरात गेला आणि एक बशी घेऊन परत आत गेला. राख झाडायला.

मी देवाचं नाव घेतलं नाही, खोटं कशाला सांगू. मी त्या बशीला शिव्या दिल्या.

पाच वाजले असतील. आधी एसीच्या घरघरीत काही ऐकू आलं नाही. मग खोकला आला. एक, दोन, आणि मग थांबेचना. दादांचा आवाज, "पानी दे रं त्याला. अजून कापसाची धूळ निघंना छातीतनं." आणि पाठोपाठ काडी ओढल्याचा आवाज. आणखी एक बिडी!

मी धावत पिशवीतला दुसरा पंप घेतला आणि दारापाशी आले, आणि पाय अडले. खरंच अडले. गळ्याची शपथ मोडली तर ज्याच्या गळ्याची घातली त्याच्यावर येतं, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. बायांना शास्त्र सांगणारी मी, तिथं दारात उभी राहून विचार करत होते, की शपथेनं मरतील का धुरानं. आतून ती शिट्टी ऐकू आली. मी दार ढकललं.

पत्ते पलंगावर पडलेले. मालक भिंतीला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान वर. ओठ निळे. धाकटा दीर आणि पुतण्या उभे, काय करावं ते सुचेना. दादा समोर, बिडी बोटांत. माझा पदर कुठं होता मला आठवत नाही.

"दादा, ती बिडी इझवा."

मागं दारात अक्का आलेली होती, तिनं "अगं बया!" म्हणून तोंडावर हात ठेवला. मी मालकांच्या तोंडाला पंप लावला. ते एका हातानं मला मागं ढकलत होते, डोळ्यांनी गप म्हणत होते. मी गप बसले नाही.

"कापसाची धूळ न्हाई ती. बिडी हाय. डॉक्टर म्हनला, छातीत काय उरलं न्हाई, शेजारी कुनी ओढली तरी हा मानूस जाईल. तुमाला कळू नये म्हनून माझ्याकडून गळ्याची शपथ घेतली ह्यांनी. मी मोडली. काय व्हायचं ते मला हू द्या, पर हे दार आता उघडं राहील!"

धाकट्या दिरानं एसी बंद केला. बाहेरची गरम झळ आत आली आणि धूर दाराकडं सरकायला लागला. दादांनी बिडी बशीत दाबली. सावकाश, पूर्ण विझेपर्यंत. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघून, अक्काला मधे न घेता, विचारलं.

"दुसऱ्याच्या धुरानं येवढं झालं?"

"न्हाई. हे बी ओढत व्हते. तीस वर्षं. तुमच्या चोरून."

मला वाटलं आता घर फिरणार. दादांनी बशीकडं बघितलं.

"मला ठावं न्हाई व्हय ते?" ते म्हणाले. "मोटारीच्या खोलीत बंडल कोन ठिवत व्हतं मग?"

मालकांचा खोकला थांबलेला होता. त्यांनी वर बघितलं.

"बाप गेला तवा हा नऊ वर्साचा," दादा माझ्याशीच बोलत होते, मालकांकडं बघत नव्हते. "म्या वाढवला. गडी झाल्यावर एक दिस विहिरीवर गेलतो, तर हा खाली बसून माझी फेकलेली थोटकं येचायलाय. मला दिसला, त्याला मी दिसलो न्हाई. माझ्या भावानं थोटकं ओढावी? समोर मागायला लाजतंय, तर म्हनलं आपनच ठिवावं. इसरल्यावानी करून ठिवत गेलो. चार-दोन कमी झालेल्या दिसल्या की बरं वाटायचं. मीच दिली की गं पोरी."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांनी हाक मारली होती, आणि ती ही. दादा उठले. बंडल खिशात घातलं, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि धरणाकडं चालायला लागले. त्या चपला पुतण्याच्या होत्या.

संध्याकाळी जेवायला सगळे बसले. अक्का मला ताट वाढताना म्हणाली, "तोंड लई सुटलंय तुझं," आणि तरी एक भाकरी जास्त ठेवून गेली. दादांनी स्वतःच सांगून आपली खाट बाहेर ओट्यावर टाकून घेतली. मालक माझ्याकडं बघत नव्हते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"शपथ मोडलीस," ते म्हणाले.

"मोडली."

"दादाच्या तोंडाकडं बघितलंस का?"

"मी तुमच्या तोंडाकडं बघत व्हते. निळं पडलं व्हतं. मला लई भ्याव वाटलं हो." आणि मग मला रडू आलं ते आवरेना. त्यांनी समजूत घातली नाही. पण उठूनही गेले नाहीत.

सकाळी दिवस उगवल्यावर मी पाण्याचा हंडा घेऊन खोल्यांच्या मागं गेले. तिथं सिमेंटची मोठी टाकी आहे. टाकीच्या आडोशाला कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. दादा होते. बिडी मुठीत उलटी धरलेली, पेटतं टोक तळहाताकडं, धाकटा दीर कडब्याच्या गंजीमागं धरतो तशी. एक झुरका घ्यायचा आणि खोल्यांच्या बाजूला मान काढून बघायचं. सत्तर वर्षांचा माणूस, पंधरा वर्षं सरपंच राहिलेला. मी हंडा घेऊन होते तिथंच थांबले.

तेवढ्यात पायवाटेनं खांद्यावर टॉवेल टाकून मालक आले, अंघोळीला निघालेले. दादांना चाहूल लागली. ते दचकून उभे राहिले, बिडी खाली टाकली, चपलेखाली रगडली, हातानं तोंडासमोरचा धूर घाईघाईनं उडवला आणि धरणाकडं तोंड करून उभे राहिले, पाणी किती आटलंय ते बघत असल्यासारखे.

मालकांनी बघितलं. मला नक्की माहीत आहे, बघितलं. त्यांनी मान खाली घातली, आल्या पावली वळले आणि माझ्या अंगावरून परत जायला लागले. जाता जाता थांबले आणि हळूच म्हणाले, "दादाला म्हनू नको बरं, मला दिसलं म्हनून."

या वेळी त्यांनी शपथ घातली नाही. मी बरं म्हणाले.